समोरच्या माणसासह: प्रौढ नवशिक्यांच्या स्पॅनिशचं मूल्यमापन



दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांना शिकवण्यात ज्यांनी आपली उमेदीची वर्षं घालवली, त्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. त्यामुळे भाषाचाचणी या माझ्या विषयातलं नेमकं काय इथे मांडावं, हे ठरवायला मला फार विचार करावा लागला नाही. प्रौढ वयात, शून्यापासून परकी भाषा शिकणारा माणूस आणि त्याची परीक्षा, हाच आजचा विषय. भाषा स्पॅनिश घेतली आहे, कारण अमेरिकेतल्या महाविद्यालयांत गेली अनेक दशकं सर्वाधिक शिकली जाणारी परकी भाषा तीच आहे आणि प्रौढांचं शिकणं मोजण्याचे पुष्कळ प्रयोग तिच्यावरच झाले आहेत. तिथे संध्याकाळच्या वर्गांना परिचारिका येतात, शाळाशिक्षक येतात, बांधकामावरचे मुकादम येतात. त्यांच्या रोजच्या कामात समोरचा माणूस स्पॅनिश बोलतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत स्पेन-मेक्सिकोच्या ग्राहकांचं काम पाहणाऱ्या कंपन्यांतली मुलंमुली शिकतात, स्पेनला शिकायला निघालेले विद्यार्थी शिकतात.

या माणसाजवळ वेळ नसतो, हे आधी लक्षात घेऊ. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांना सर्वांत सोप्या जाणाऱ्या भाषांच्या गटात स्पॅनिशला बसवलं आहे. तरीही कामकाजापुरतं प्रभुत्व यायला तिथे पूर्णवेळ वर्गात ६०० ते ७५० तास लागतात, असा त्या संस्थेचा अनुभव आहे. आठवड्याला तीन तास वर्गाला येणाऱ्याच्या पदरात वर्षाकाठी फार तर सव्वाशे-दीडशे तास पडतात. त्यातही मुलाचं आजारपण, कंपनीची रात्रपाळी, गावाकडचं लग्न. असा माणूस परीक्षेत जे विचारलं जाईल तेच आधी शिकतो. यात त्याचा काहीच दोष नाही, तो वेळ जपून वापरतो आहे. पण त्यामुळेच प्रौढांच्या अभ्यासक्रमात खरा अभ्यासक्रम परीक्षाच ठरवते. पुस्तक कितीही संवादी असो, शिक्षक कितीही उत्साही असो, शेवटी गाळलेल्या जागा भरायला सांगितल्या तर विद्यार्थी गाळलेल्या जागा भरायलाच शिकेल.

भाषाचाचणी हे स्वतंत्र शास्त्र म्हणून ज्यांनी उभं केलं त्यांत रॉबर्ट लाडो यांचं नाव पहिल्या ओळीत येतं, आणि ते स्वतःच प्रौढ नवशिके होते. १९१५ साली फ्लॉरिडातल्या टँपा इथे स्पॅनिश आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच कुटुंब स्पेनला परतलं. एकविसाव्या वर्षी ते पुन्हा अमेरिकेत आले आणि त्या वयात इंग्रजी शिकले. १९५७ साली त्यांचं ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ प्रसिद्ध झालं आणि १९६१ साली ‘लँग्वेज टेस्टिंग’. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिकणाऱ्याची मातृभाषा आणि नवी भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहा. जिथे त्या वेगळ्या वाटेने जातात तिथे तो अडखळेल, म्हणून ते एकेक ठिकाण सुटं करून तपासा. प्रत्येक प्रश्नात एकच मुद्दा, एकच बरोबर उत्तर. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल यांनी या विचारातली उणीव दाखवली. सगळे मुद्दे एकाच वेळी, बोलण्याच्या वेगात वापरता येतात का, हे सुट्या प्रश्नांतून कळत नाही, असं ते म्हणाले. ही चर्चा झाली तेव्हा संगणक वर्गात आला नव्हता. पण सुट्या मुद्द्यांची परीक्षा यंत्राला तपासायला सोपी असल्यामुळे कॅरल यांचा आक्षेप मागे पडला आणि लाडो यांची पद्धत आज जगभरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत पुन्हा सर्वत्र दिसते.

लाडो यांच्या विचारातला एक भाग मात्र मला आजही फार मोलाचा वाटतो आणि आपण तो जवळजवळ सोडून दिला आहे. शिकणाऱ्याची मातृभाषा कोणती, हा प्रश्न. आपल्याकडे वापरली जाणारी प्राथमिक स्पॅनिशची बरीच पुस्तकं आणि ॲप इंग्रजी भाषकांच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ ही दोन वाक्यं घ्या. इंग्रजी माणसाला इथे ‘मी’ हा कर्ता हवा असतो. आवडणारी वस्तू कर्ता होऊन क्रियापद तिच्यामागे जातं, ही गोष्ट त्याला पचायला आठवडे लागतात, म्हणून त्याच्या परीक्षेत या क्रियापदावर प्रश्नांचा भडिमार असतो. मराठी माणूस मात्र ‘मला पुस्तक आवडतं’ आणि ‘मला पुस्तकं आवडतात’ असंच बोलत मोठा झालेला असतो. तसंच ‘वेओ ला कासा’ पण ‘वेओ आ मारिया’, म्हणजे माणूस असेल तर आधी ‘आ’ लावायचा. आपण साधारणपणे घर पाहतो, पण मारियाला पाहतो. क्रियापदाच्या रूपातच कर्ता दिसतो म्हणून ‘मी’, ‘तू’ गाळणं आपल्याला नवं नाही. प आणि फ, त आणि थ यांतला फरक आपल्या जिभेला उपजत असल्यामुळे स्पॅनिशमधले कोरडे ‘प’, ‘त’, ‘क’ आपल्याला सहज जमतात.

बिल व्हॅनपॅटन आणि तेरेसा कादिएर्नो यांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग स्पॅनिश शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. इंग्रजी भाषक नवशिके वाक्यात आधी येणाऱ्या नामाला किंवा सर्वनामाला कर्ता समजतात. ‘लो वे मारिया’ याचा अर्थ ‘मारिया त्याला पाहते’, पण त्यांना ऐकू येतं ‘तो मारियाला पाहतो’. कोण कुणाला काय करतं हे आपण प्रत्ययावरून ओळखतो, शब्दांच्या क्रमावर आपली भिस्त कमी असते. त्यामुळे हा घोटाळा मराठी कानाला तितका होऊ नये. तो होतो तो बहुधा आपण स्पॅनिश इंग्रजीच्या आधाराने समजावतो तेव्हाच. शिक्षक ‘आवडणं’ शिकवताना मधे इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहितात आणि नसलेली अडचण तयार होते. उलट ‘एल’, ‘ला’, ‘उन’, ‘उना’ ही उपपदं आपल्या भाषेत नाहीतच. ‘ती डॉक्टर आहे’ आणि ‘ती दमलेली आहे’ या दोन्ही ठिकाणी आपण एकच ‘आहे’ वापरतो, स्पॅनिश मात्र ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन वेगळी क्रियापदं मागते. तेव्हा इंग्रजी भाषकांसाठी बनवलेल्या चाचणीत मराठी नवशिक्याला साठ गुण पडले, तर त्यातले काही त्याला मातृभाषेने आंदण दिलेले असतात आणि त्याची खरी धडपड जिथे चालली आहे तिथे प्रश्न कमी असतात. निव्वळ बेरजेवरून त्या माणसाविषयी निष्कर्ष काढणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळतो. १९५० च्या दशकात अमेरिकी परराष्ट्र खात्याला आपले अधिकारी परदेशी भाषा किती बोलू शकतात हे जाणून घ्यायचं होतं. लेखी परीक्षेतून ते कळेना, म्हणून त्यांनी समोरासमोरची मुलाखत आणि शून्य ते पाच अशी पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. त्यातूनच पुढे १९८६ साली अमेरिकी परकीय भाषा शिक्षक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ती मोजपट्टी महाविद्यालयांत शिरली. युरोपात २००१ साली युरोपीय परिषदेने ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची सामाईक चौकट प्रसिद्ध केली. दोन्हींचा रोख एकच होता: माणसाला भाषेविषयी काय माहीत आहे हे विचारू नका, भाषेने तो काय करू शकतो ते पाहा.

या चौकटीतली ए-१ ही पहिली पायरी बारकाईने वाचण्यासारखी आहे. तिथे नवशिक्याकडून काय अपेक्षित आहे? त्याने स्वतःची ओळख करून द्यावी, कुठे राहतो, कुणाला ओळखतो असे साधे प्रश्न विचारावेत आणि त्यांना उत्तरं द्यावीत. पण याला एक अट जोडलेली आहे. समोरचा माणूस सावकाश आणि स्पष्ट बोलणारा हवा, मदत करायला तयार हवा. म्हणजे पहिल्या पायरीच्या व्याख्येतच दुसरा माणूस आहे. नवशिक्याची क्षमता एकट्याच्या डोक्यात नसते, ती दोघांमध्ये घडते. अडलं की ‘नो एन्तिएन्दो’ म्हणणं, ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’ म्हणून वेग कमी करायला लावणं, हाताने खूण करणं, ऐकलेला शब्द प्रश्नासारखा परत उच्चारून खात्री करणं, हीच या पायरीवरची खरी भाषाशक्ती आहे. रुग्णाला ‘कुठे दुखतंय’ विचारून उत्तर अर्धवट कळल्यावर पुन्हा विचारणारी परिचारिका ए-१ चं काम चोख करते. क्रियापदाचं रूप चुकलं तरी चालेल. उत्तर न समजता मान डोलावणारी मात्र व्याकरण बिनचूक असूनही नापास व्हायला हवी.

माझं आज जे म्हणणं आहे ते एवढंच, आणि बाकी सगळं त्याच्याच आधाराने बोलतो आहे: समोर माणूस नसलेली परीक्षा नवशिक्याचं स्पॅनिश मोजूच शकत नाही. मग अभ्यासक्रम वर्गातला असो की ऑनलाइन.

स्पॅनिशमधल्याच दोन अधिकृत परीक्षा पाहू. १९८८ पासून चालू असलेली ‘देले’ आणि २०१६ साली सुरू झालेली ‘सिएले’. १९९१ साली स्थापन झालेली इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ही संस्था आज दोन्हींशी जोडलेली आहे. दिल्लीतही तिचं केंद्र आहे. ‘देले’च्या ए-१ पातळीत वाचन आणि लेखन मिळून एक गट, श्रवण आणि संभाषण मिळून दुसरा. प्रत्येक गटाला ५० गुण आणि दोन्हींत किमान ३० मिळाले तरच उत्तीर्ण. तोंडी परीक्षेत समोर परीक्षक बसलेला असतो. ‘सिएले’ संगणकावर होते, एकूण हजार गुणांपैकी किती मिळाले त्यावरून पातळी कळते, कुणी नापास होत नाही. शिकणाऱ्याचा धीर राखणारी ही रचना मला आवडते. पण तिथे बोलायचं ते यंत्रापुढे. आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि परीक्षक तो नंतर ऐकून गुण देतात. बी-२, सी-१ च्या विद्यार्थ्यासाठी हे ठीक आहे, तो एकट्याने सलग बोलू शकतो. ए-१ च्या माणसाचा मात्र आधारच काढून घेतल्यासारखं होतं. यंत्र सावकाश बोलत नाही आणि त्याचा गोंधळलेला चेहरा पाहून प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारत नाही. ‘देले’तही एक पळवाट राहतेच: श्रवण आणि संभाषण एकाच गटात असल्यामुळे ऐकण्यात मिळालेले चांगले गुण बोलण्यातली उणीव झाकू शकतात. नवशिक्यांच्या परीक्षेत संभाषणाला स्वतःची किमान रेषा हवी, असं माझं मत आहे.

वर्ग चांगला की ऑनलाइन, या वादात नेहमी दोन अभ्यासांचा दाखला दिला जातो. पहिला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस परिसरातला, रॉबर्ट ब्लेक आणि सहकाऱ्यांचा, २००८ सालचा. वर्गात शिकणारे, अर्धं वर्गात अर्धं संगणकावर शिकणारे आणि पूर्णपणे दुरून शिकणारे, अशा स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांची तोंडी क्षमता त्यांनी मोजली. सारख्याच टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांच्या गुणांत मोठा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे आणि तो प्रामाणिकपणे काढलेला आहे. पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. चाचणी होती ‘व्हर्सांट’. सुमारे पंधरा मिनिटांची, फोनवर यंत्राशी बोलायची, गुणही यंत्राने द्यायचे. ऐकलेलं वाक्य परत म्हणा, छोट्या प्रश्नाचं उत्तर द्या, असं तिचं स्वरूप. उच्चार, ओघ, वाक्यरचनेवरची पकड यांचा ती चांगला अंदाज देते, पण संभाषणाचा देत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: डेव्हिसच्या त्या दूरच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना शिक्षकांशी प्रत्यक्ष वेळेत, आवाजाने बोलावं लागे. पडद्यापलीकडे माणूस होता. तो निष्कर्ष उचलून माणूसच नसलेल्या अभ्यासक्रमाला चिकटवता येत नाही.

दुसरा अभ्यास २०१२ सालचा, व्हेसेलिनोव्ह आणि ग्रेगो यांचा, ड्युओलिंगो कंपनीने करवून घेतलेला. त्यातलं एक वाक्य जगभर गाजलं: ड्युओलिंगोवर सरासरी ३४ तास घालवणं म्हणजे महाविद्यालयातलं स्पॅनिशचं पहिलं सत्र. हे मोजलं कशाने? ‘वेबकेप’ने. ही ब्रिगम यंग विद्यापीठात तयार झालेली, विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसवावं हे ठरवण्यासाठी वापरली जाणारी संगणकीय चाचणी. तिच्यात पर्याय निवडायचे असतात, तोंड उघडावं लागत नाही. वर्ग-वाटपाच्या कामाला ती चोख आहे. पण महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात विद्यार्थी बोलतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, शिक्षकांपुढे अडखळतात. त्यातला जो भाग पर्याय निवडून दिसतो तेवढाच घेऊन तुलना केली तर ॲप आणि वर्ग सारखेच भासणार. मी ॲपच्या विरोधात नाही. शब्दसंग्रह आणि ऐकण्याची सवय यासाठी त्याचा फार उपयोग होतो आणि पाळीवरून परतणाऱ्या माणसाला ते बसमध्येही उघडता येतं. ३४ या आकड्यावर मात्र संस्थांनी अभ्यासक्रम कापू नयेत.

समोर माणूस आला की भीतीही येते, हे मी विसरलेलो नाही. १९८६ साली एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परकी भाषेच्या वर्गातली भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि टेक्सास विद्यापीठातल्या प्राथमिक स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांना ती दिली. अनेकांच्या मनात बोलण्याचा धसका होता. प्रौढाच्या बाबतीत तो अधिक खोल असतो. कचेरीत चार माणसं ज्याचं ऐकतात, त्याला इथे तीन वर्षांच्या मुलासारखी वाक्यं जुळवावी लागतात. बरेच जण ऑनलाइनकडे वळतात ते यासाठीच. तिथे चूक कुणी पाहत नाही, रेकॉर्डिंग पुन्हा करता येतं. ही सवलत सुरुवातीच्या आठवड्यांत जरूर द्यावी. पण ती शेवटपर्यंत दिली तर पहिल्यांदा माणसासमोर बोलण्याचा प्रसंग थेट ग्राहकापुढे किंवा रुग्णापुढे येतो आणि तिथे पुन्हा रेकॉर्ड करण्याची सोय नसते. भीती कमी करण्याचा रस्ता म्हणजे लहान, ओळखीच्या आणि नापास न करणाऱ्या तोंडी चाचण्या वारंवार घेणं. सत्राच्या शेवटी एकदाच मोठी परीक्षा ठेवली तर भीती वाढते, आणि त्या दिवशी माणूस रजा घेतो.

घरून लिहून आणलेल्या कामाविषयी थोडक्यातच बोलतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि घरचं लेखन हे क्षमतेचा पुरावा राहिलं नाही. सराव म्हणून ते चालू ठेवावं, गुण देऊ नयेत.

मग शिक्षकाने काय करावं? वाक्य ऐकून तसंच परत म्हणण्याची एक चाचणी लुर्देस ओर्तेगा आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिशसाठी तयार केली आहे. सात ते सतरा अक्षरांची तीस वाक्यं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, कमाल १२०. वाचताना ती पोपटपंची वाटते, पण लांब वाक्य अर्थ लागल्याशिवाय परत म्हणताच येत नाही. मधे आपलं व्याकरण आड येतं आणि ते ऐकू येतं. दहा-बारा मिनिटांत होते, वर्गात आणि व्हिडिओ कॉलवर सारखीच घेता येते. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची तुलना करायची असेल तर ही घ्यावी, आणि तिच्या जोडीला संभाषण.

संभाषणाची परीक्षा मी अशी घेईन. दोन नवशिके, प्रत्येकाकडे अर्धी माहिती. एकीच्या हातात डॉक्टरांच्या वेळापत्रकातल्या मोकळ्या वेळा, दुसरीच्या हातात स्वतःच्या कामाच्या वेळा. दोघींनी मिळून भेट ठरवायची. पाच मिनिटं. मग तेच परीक्षकाशी, नव्या परिस्थितीत, आणखी पाच मिनिटं. गुण देताना पहिला प्रश्न: भेट ठरली का? दुसरा: अडल्यावर तिने काय केलं? पुन्हा विचारलं, सावकाश बोलायला सांगितलं, तर त्याचे गुण वाढवायचे, कापायचे नाहीत. हे मराठी शिक्षकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण आपल्या शाळेत पुन्हा विचारणं म्हणजे न येणं अशी समजूत आहे. तिसरा: उच्चारामुळे अर्थ बदलला का? ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, इथे काटेकोर राहावं लागतं. क्रियापदांची रूपं आणि लिंगवचनाचा मेळ चौथ्या क्रमांकावर. हेच संभाषण चौथ्या आठवड्यात, आठव्या आठवड्यात आणि शेवटी घ्यावं आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. पहिलं आणि शेवटचं शेजारी शेजारी ऐकवलं की आपण किती पुढे आलो हे शिकणाऱ्याला स्वतःच्या कानांनी कळतं. दुसऱ्या पातळीला नाव घालायचं की सोडून द्यायचं, हे त्याने गुणपत्रिकेवरून ठरवण्यापेक्षा त्यावरून ठरवावं.

यावर संस्थांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. पंचवीस जणांचा वर्ग, दर वेळी प्रत्येकी दहा मिनिटं. जोडीने घेतलेली पाच मिनिटं वाचली तरी तीन-साडेतीन तास होतात. सत्रात तीनदा म्हणजे दहा तासांच्या आसपास, शिवाय गुण देण्याचा वेळ वेगळा. संध्याकाळच्या वर्गांचे बहुतेक शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात आणि मानधन शिकवलेल्या तासांचं मिळतं. तोंडी परीक्षा ते स्वतःच्या वेळेत घेतात, नाहीतर घेतच नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमांत तर माणूस काढून टाकण्यावरच सगळा हिशेब बसवलेला असतो, आणि विद्यार्थ्याला फी भरताना हे कुणी सांगत नाही. तेव्हा माझी विनंती शिक्षकांपेक्षा संस्थाचालकांना आहे. पुढच्या सत्राचं अंदाजपत्रक मांडताना तोंडी परीक्षेचे तास आधी धरा, वर्गासाठी आणि ऑनलाइनसाठी सारखेच. त्यांचं मानधन शिकवण्याच्या तासाइतकंच ठेवा. तेवढे तास परवडत नसतील तर वर्गातली संख्या पंचवीसवरून सोळावर आणा. आणि अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत स्पष्ट लिहा, की इथे तुमचं बोलणं माणूस ऐकेल, किती वेळा ऐकेल आणि किती मिनिटं ऐकेल.